जिल्हा परिषद शाळेत शोध स्पर्धा घ्यायची तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. यवतमाळ जिल्ह्यातली जिल्हा परिषद उच्च प्राथमिक शाळा, पाचवी ते आठवीचा पट सत्तरच्या आसपास. विज्ञान प्रदर्शनात दरवर्षी तोच ज्वालामुखी, तीच पवनचक्की आणि आता नव्याने विकतचा स्मार्ट डस्टबिन. यंदा मुलांनी स्वतः काही शोधावे अशी स्पर्धा घ्यायची आहे. लोकवर्गणीतून ५,००० रुपये हाती आहेत, प्रयोगशाळा नावापुरती आहे. स्पर्धा कशी घ्यावी, गुण कसे द्यावेत, आणि त्यातून इन्स्पायरला (शाळकरी मुलांच्या कल्पनांसाठीच्या केंद्र सरकारच्या योजनेला) काही पाठवता येईल का?

सर, सगळ्यात आधी स्पर्धेच्या सूचनेतून ‘मॉडेल’ हा शब्द काढा. सूचना अशी लिहा: घरातली, शेतातली किंवा शाळेतली एक अडचण शोधा, ती मोजा, कमी करून दाखवा आणि पुन्हा मोजा. मोजणीला गुणपत्रिकेत मोठा वाटा दिला की विकतचे सामान आपोआप मागे पडते. मॉडेल दुकानात मिळते, महिनाभर भरलेली मोजणीची वही मिळत नाही. पुढचे सगळे या एका गोष्टीभोवती आहे.

कधी घ्यायची

आपल्याकडे विदर्भात शाळा उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जून सरता सरता उघडतात. दिवाळीनंतर कापसाची वेचणी जोरात असते, पूर्वेकडे धानाची कापणी-मळणी, आणि पटावरची मुले वर्गात दिसत नाहीत. म्हणून नागपंचमीला जाहीर करून दिवाळीच्या सुटीआधी संपवणे सोयीचे. नागपंचमी ते पोळा अडचणी शोधायच्या आणि निवडायच्या. पोळा ते दसरा हे चाळीस दिवस बनवायला. दसऱ्यानंतर सुटी लागेपर्यंतचा वेळ चाचणी आणि दुरुस्तीला राखून ठेवा, कारण पहिल्यांदा बनवलेली वस्तू चालत नाहीच. कोरडवाहूची पहिली वेचणीही साधारण याच सुमारास हाताशी येते, तेव्हा कापसाशी संबंधित गटांना खऱ्या शेतात चाचणी घेता येते. आठवड्याला शनिवारचे दोन तास पुरतात. शाळेच्या ‘आनंददायी शनिवार’ उपक्रमात हे बसवले तर वेगळी परवानगी, वेगळे वेळापत्रक काही लागत नाही.

एकाच आठवड्यात सगळे उरकायचा मोह होतो. तसे केले की वस्तू घरून बाबा, काका किंवा शिकवणीवाला बनवून देतो.

अडचण शोधणे: अर्धे काम इथेच आहे

प्रत्येक मुलाला एक दोनशे पानी नको, चाळीस पानी वही द्या. पहिल्या तीन आठवड्यांत त्यात किमान पाच अडचणी यायला हव्यात, आणि त्या टीव्हीवरून नव्हे, माणसांना विचारून. माय, आजी, गुरे चारणारा, पोषण आहार शिजवणाऱ्या ताई, हापशीवर रांगेत उभे असलेले, सायकल दुरुस्तीवाला. प्रत्येक अडचणीखाली चार गोष्टी लिहायच्या: त्रास कोणाला होतो, दिवसातून किंवा हंगामात किती वेळा होतो, त्यात किती वेळ, वजन, पाणी किंवा पैसा जातो, आणि आज ते माणूस त्यावर काय जुगाड करते. चौथा प्रश्न मुले टाळतात, पण शोधाची खरी सुरुवात तिथेच असते. कोणीतरी आधीच अर्धा उपाय काढलेला असतो.

वह्या गोळा केल्यावर निम्म्यांत ‘प्रदूषण’, ‘दुष्काळ’, ‘शेतमालाला भाव नाही’ असे दिसेल. हे खरे प्रश्न आहेत, पण बारा वर्षांच्या मुलाला फूटपट्टी, घड्याळ आणि तराजू घेऊन मोजता येत नाहीत. अशा वहीवर लाल रेघ मारू नका. विचारा: ‘दुष्काळ तुमच्या घरात कुठं दिसतो?’ उत्तर येते, नळाला तीन दिवसांआड पाणी येते आणि टाकी भरून वाहते तेव्हा घरी कोणी नसते. ही अडचण चालेल. वाहून गेलेले पाणी बादलीने मोजता येते.

काळ्या मातीचा चिखल हा असाच एक विषय. पावसाळ्यात पांदण रस्त्याने सायकल आणली की चिखल मडगार्ड आणि चाकात गच्च बसतो आणि सायकल खांद्यावर घ्यावी लागते. किती पावलांवर चाक अडते हे मोजता येते, आणि मडगार्डची उंची, घासणारी पट्टी, तिचा कोन बदलून पुन्हा मोजता येते. आणखी काही चालण्यासारखे विषय: पोषण आहाराचे गंज (मोठी पातेली) दोघींनी उचलताना हाताला बसणारा चटका, बैलाच्या मानेवर जूचा घट्टा, कॅरिअरवरून घसरणारे दप्तर, निंदताना गुडघ्यावर येणारा भार. मोहफूल, तेंदूपाने, संत्र्याचा मृगबहार हे विषय चांगलेच आहेत, पण त्यांचा हंगाम तुमच्या वेळापत्रकात बसतो का ते पाहा. मोहाची फुले मार्च-एप्रिलला पडतात; ऑक्टोबरात त्याची चाचणी कशी घेणार?

निवडीआधी एक चौकशी करायला लावा: ही वस्तू बाजारात किंवा विद्यापीठाकडे आधीच आहे का? अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची मिनी दाल मिल गावोगावी चालते, आणि तरीही ‘घरगुती डाळ यंत्र’ नवीन म्हणून येते. आधीपासून आहे म्हणून विषय रद्द करायची गरज नाही. मात्र त्यातले काय आपल्या घरी जमत नाही, हे मुलाला सांगता आले पाहिजे.

शोध म्हणजे यंत्रच हवे, असेही नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यात नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ मध्ये आपल्या धानात वेगळ्या दिसलेल्या लोंब्या बाजूला काढल्या, त्या वेगळ्या पेरल्या, हंगामामागून हंगाम निवड केली आणि एचएमटी हे धान तयार झाले. निरीक्षण, वेगळे ठेवणे आणि नोंद, एवढेच साहित्य. बियाण्याचे काम दोन-तीन महिन्यांत होत नाही, पण धान्य साठवण्याच्या पद्धती, बी उगवण्याची टक्केवारी, गंजी रचण्याची रीत असे विषय कुठल्याही वायरीशिवाय स्पर्धेत बसतात. मुलांना हे सुरुवातीलाच सांगितले नाही तर सगळे मोटर आणि बॅटरीच्या मागे धावतात.

काय चालणार नाही

चार गोष्टी लेखी बंद करा आणि पालकसभेत वाचून दाखवा. पहिली, घरातली वीज. मुलांच्या वस्तूत १२ व्होल्टच्या वर काही नको, आणि सेलवरच चालावे. दुसरी, करंटचे कुंपण, त्याचे छोटे मॉडेलसुद्धा. रोही (नीलगाय) आणि रानडुकरांनी पीक खाल्ले ही प्रत्येक वहीत येणारी अडचण आहे आणि मुलांचा पहिला उपाय तारेत करंट सोडण्याचाच असतो, कारण शिवारात ते पाहिलेले असते. त्याने माणसे मरतात आणि तो गुन्हा आहे. आवाज, उजेड, वास, काटेरी झाडे यांवर काम करू द्या. तिसरी, कीटकनाशक आणि त्याचे रिकामे डबे, बाटल्या. २०१७ च्या खरिपात आपल्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतमजूर दगावले. फवारणीवर काम करायचे तर पंपात साधे पाणी आणि चिमूटभर निळ, तेही नव्या पंपात; घरचा वापरलेला पंप कितीही धुतला तरी नको. निळीचे डाग जुन्या पांढऱ्या कापडाच्या सदऱ्यावर कुठे पडतात ते मोजले की फवारणाऱ्याच्या अंगावर किती उडते ते दिसते, आणि तोच एक चांगला प्रकल्प होतो. चौथी, मोबाइलच्या किंवा लॅपटॉपच्या जुन्या बॅटऱ्या उघडणे. लिथियम सेलला टोचले किंवा त्याची टोके जुळली की तो पेट घेतो.

पाच हजारांचे काय करायचे

सत्तर मुलांचे तिघा-तिघांचे गट केले तर तेवीस-चोवीस होतात. अडचणीची वही सगळ्यांची, पण बनवण्याच्या टप्प्यात बारा गट घ्या. उरलेली मुले मोजणीदार म्हणून त्या गटांना जोडा, नाही तर ती बाहेर बसतात. बारा गटांना १५० रुपयांप्रमाणे १,८०० रुपये साहित्याचे. शाळेची कायमची अवजारपेटी १,५०० रुपयांत होते: दोन पकडी, स्क्रू ड्रायव्हर, हातोडी, हॅकसॉ आणि जादा पाती, कात्री, लोखंडी पट्टी, मापाची टेप, आणि ग्रॅममध्ये दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा. काटा सोडून दुसरे काही घेऊ नका असे म्हणायची वेळ आली तरी काटा सोडू नका. वह्या आणि तक्ते ५००, अंतिम दिवसाचा चहा-चिवडा ३००, बक्षिसांना ९००.

गटाला पैसे रोख देऊ नका. यादी आणायला सांगा, दर लिहायला लावा, आणि तालुक्याच्या बाजाराच्या दिवशी एकत्र खरेदी करा. सामान घरून आले तरी त्याची बाजारातली किंमत १५० रुपयांत धरा, ‘घरी पडलं होतं’ म्हणून शून्य नाही. एवढ्या एका नियमाने सेन्सरचे किट आपसूक कमी होतात.

जोडकामात सगळ्यात जास्त वस्तू मोडतात, म्हणून ते पहिल्याच शनिवारी शिकवा. मुले सगळीकडे फेविक्विक किंवा ग्लू गन वापरतात. गुळगुळीत प्लास्टिकवर आणि धूळ बसलेल्या जागी ते धरत नाही, आणि ऑटोत हादरे बसले की स्पर्धेच्या ठिकाणी पोचेपर्यंत सुटते. छिद्र पाडून बाइंडिंग तार, नट-बोल्ट, किंवा जुन्या सायकल ट्यूबची ताणून गुंडाळलेली पट्टी, हे तीन जोड पुरतात आणि सोडवून पुन्हा लावता येतात. तान्हा पोळ्याच्या लाकडी बैलाची डगमगणारी चाकेही शिकवायला कामी येतात. ती डगमगतात कारण छिद्र मधोमध नसते. कागदाचा गोल कापून दोनदा घडी घातली की घड्या जिथे छेदतात तो मध्य. तो चाकावर ठेवून खिळ्याने खूण करायची, मग छिद्र. सायकलची आरी आस म्हणून आणि पेनची रिकामी नळी तिचे घर म्हणून चांगली चालते.

मोटर लागणार असेल तर चौकोनी नऊ व्होल्टचा सेल घेऊ नका. त्याचा आतला रोध जास्त असतो. मोटरला लागतो तेवढा प्रवाह तो देऊ शकत नाही, थोडा वेळ फिरवतो आणि ढेपाळतो. मुलांना वाटते मोटर जळाली. चार पेन्सिल सेल एका खोक्यात ओळीने लावले की सहा व्होल्ट मिळतात आणि काम होते.

दोन उदाहरणे, मोजणीसकट

कापसाचे घ्या. बोंड फुटल्यावर त्याच्या वाळलेल्या फाकांची टोके कडक होतात आणि वेचताना नखाच्या कडेला टोचतात. ‘मायच्या बोटाले टोचते’ हे वहीत येणारच. मुलांचा पहिला उपाय हातमोजा. कापडी मोज्याला पत्ती आणि तंतू चिकटतात, रबरी मोज्यात घाम येतो, आणि बोंड पूर्ण रिकामे झाले की नाही हे बोटाला कळत नाही. म्हणून टोक उघडे ठेवून फक्त बाजू झाकणारी बोटपट्टी करायची. जुनी सायकल ट्यूब उभी चिरून धुऊन घ्यायची. दोऱ्याने बोटाचा घेर मोजायचा. पट्टी तीन सेंटिमीटर रुंद आणि घेरापेक्षा अर्धा सेंटिमीटर आखूड कापायची, कडा बाहेरच्या बाजूला ठेवून जाड दोऱ्याने शिवायची. त्याहून आखूड कापली की बोट बधिर होते, घेराएवढी ठेवली की घामाने घसरते. शिवायचा कंटाळा करून स्टेपलर मारला तर पिनाच बोट ओरबाडतात. अंगठा, त्याच्या शेजारचे बोट आणि मधले बोट, दोन्ही हातांच्या मिळून सहा पट्ट्या.

आता मोजणी, आणि इथेच बहुतेक गट चुकतात. सकाळी बिनपट्टी वेचायचे आणि दुपारी पट्टी घालून, असे केले तर आकडे निरुपयोगी. सकाळचा कापूस दवाने ओला आणि जड असतो, दुपारी हात थकलेला असतो. फरक पट्टीचा की दवाचा, कळत नाही. त्यामुळे दव उडाल्यावर सुरू करायचे आणि पंधरा-पंधरा मिनिटांच्या चार फेऱ्या: बिनपट्टी, पट्टी, पट्टी, बिनपट्टी. वेचणारी एकच, शेत एकच, तासेही (झाडांच्या ओळी) शेजारची. प्रत्येक फेरीचा कापूस वेगळ्या पिशवीत, लगेच वजन. एक मूल घड्याळ पाहते, एक मूल वेचणारीने ‘स्स’ केले की वहीत रेघ ओढते, एक मूल मागून दहा झाडे पाहून किती बोंडांत कापूस राहिला ते मोजते. मुलांनी वेचायचे नाही, मोजायचे; आणि हे सुटीच्या दिवशी, मायच्या सवडीने.

समजा, टोचणे बरेच कमी झाले आणि वजनही थोडे कमी भरले. मुले हा दुसरा आकडा लपवतात किंवा गुरुजीच सांगतात की तो लिहू नका. लिहायला लावा. पट्टी दोन सेंटिमीटरची केली तर वजन भरून निघते का, हा पुढचा प्रश्न त्यातूनच निघतो. मजुरी किलोवर मिळते, तेव्हा मायला हा आकडाच महत्त्वाचा असतो.

दुसरे उदाहरण वायरीचे, कारण असा एक तरी गट असतोच: पाणी द्यायची वेळ झाली हे सांगणारा बझर. बीसी ५४७ हा ट्रान्झिस्टर (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा तीन पायांचा भाग), सहा व्होल्टचे सेल, छोटा बझर, एक लाख ओहमचा रोध आणि दोन गंज न चढणारे खिळे; मोटर नसल्याने खर्च शंभराच्या आसपास राहतो. ट्रान्झिस्टरची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर डावीकडून पायांची नावे कलेक्टर, बेस, एमिटर. बझरचे धन टोक सेलच्या धन टोकाला, ऋण टोक कलेक्टरला. एमिटर सेलच्या ऋण टोकाला. एक लाखाचा रोध धन टोक आणि बेस यांच्यात. दोन खिळे मातीत पाच सेंटिमीटर अंतरावर, एक बेसला आणि एक एमिटरला. माती ओली असेल तर बेसचा प्रवाह मातीतून निघून जातो आणि बझर गप्प. माती सुकली की प्रवाह बेसमध्ये शिरतो आणि बझर वाजतो. पुष्कळ व्हिडिओंत याच्या उलट जोडणी असते, ओल्याला वाजणारी. ती टाकी भरल्याचे सांगायला ठीक, शेताला नाही.

कुंडीत हे हमखास चालते आणि शेतात फसते. काळी माती सुकताना आकसते, भेग पडते आणि खिळ्यापासून सुटते. खाली ओल असूनही बझर बोंबलतो. खिळे किमान पंधरा सेंटिमीटर खोल आणि झाडाच्या सावलीच्या बाजूला ठोकले तर हा त्रास कमी होतो. पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात दुसरीच गंमत: क्षारांमुळे मातीतून वीज सहज जाते, म्हणून माती बरीच सुकली तरी बझर गप्प राहतो. तिथे रोधाच्या जागी कमी-जास्त करता येणारा प्रीसेट लावून आपल्या मातीवर जुळवावे लागते.

जुळवायचे कशावर? वजनावर. बझर ज्या क्षणी वाजतो त्या क्षणी खिळ्याजवळची मूठभर माती काट्यावर ठेवायची. समजा १२० ग्रॅम. मग मोठ्या माणसाने ती लोखंडी तव्यावर मंद आचेवर, वजन घटायचे थांबेपर्यंत वाळवायची. समजा ९६ ग्रॅम उरली. गेलेले पाणी २४ ग्रॅम. २४ भागिले ९६, म्हणजे २५ टक्के ओल. बझर दर वेळी साधारण याच टक्क्याला वाजला तर उपकरण भरवशाचे. कधी १५, कधी ३० ला वाजला तर तो नुसता भोंगा आहे. सातवीच्या मुलाला हा भागाकार येतो, आणि परीक्षकापुढे तो तक्ता ठेवला की बाकी काही बोलावे लागत नाही.

गुण आणि परीक्षक

शंभर गुणांची माझी विभागणी: अडचण नेमकी आणि खरी आहे का याला २०, आधीची आणि नंतरची मोजणी ३०, वस्तूत केलेले बदल आणि त्यांची वहीतली नोंद २०, मुलांचा स्वतःचा हात २०, सांगणे १०. सजावट, रंगीत तक्ता, थर्माकोल यांना शून्य. आणि हे शून्य सूचनेत छापा, नाही तर दसऱ्यानंतर सगळी शाळा चमकीचा कागद कापत बसते. वस्तू त्या दिवशी बंद पडली म्हणून गुण कापू नका, वहीत ती चाललेली दिसत असेल तर. मात्र का बंद पडली हे विचारा.

‘स्वतःचा हात’ ओळखायला एक साधी रीत आहे. परीक्षकाने वस्तूतला एक जोड सोडवायचा आणि गटाला पुन्हा लावायला सांगायचे. ज्याने बनवले ते पोर हसत हसत लावते. नसेल तर ‘बाबानं बनून देल्लं’ हे तोंडून निघतेच, आणि त्यावर रागावू नये. त्या गटाला अडचण आणि मोजणीचे गुण तरीही मिळू शकतात. पालकांची मदत बंद करता येत नाही आणि करूही नये. सुतारकाम करणाऱ्या आजोबांनी लाकूड कापून दिले तर वहीत तसे लिहायचे. काय कापायचे हे कोणी ठरवले, एवढेच पाहायचे.

परीक्षक तिघे पुरतात: शेतात काम करणारी एक बाई, वायरिंग किंवा सायकल दुरुस्ती करणारा एक कारागीर, आणि आपल्या केंद्रातल्या (शाळांच्या समूहातल्या) दुसऱ्या शाळेचे एक शिक्षक. सरपंच आणि शाळा समितीच्या अध्यक्षांना बक्षीस वाटायला बोलवा, गुण द्यायला नको. गावात राहायचे आहे. प्रत्येक गटाला दहा मिनिटे धरली तर बारा गटांना दोन तास. त्यात मुलांनी बोलायचे तीन मिनिटे, उरलेला वेळ प्रश्नांना. भाषण पाठ करून आलेले मूल तिसऱ्या मिनिटाला संपते आणि दुसऱ्याच प्रश्नाला अडखळते. मुलांना घरच्या बोलीत बोलू द्या. ‘हे कायले लावलं?’ असे परीक्षकानेच विचारले की मूल मोकळे होते.

अटी कशा लिहाव्यात याचा एक जुना नमुना आहे. १९२९ मध्ये अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी १ लाख रुपयांचे बक्षीस लावले होते. अटी अशा की खेड्यातल्या घरात हाताने किंवा पायाने चालवता यावा, बाईला आठ तास फारसे न थकता काम करता यावे, किंमत १५० रुपयांच्या आत असावी, वीस वर्षे टिकावा आणि दुरुस्तीचा वर्षाचा खर्च किमतीच्या पाच टक्क्यांवर जाऊ नये. बक्षीस कोणालाच मिळाले नाही, कारण अटी पुऱ्या झाल्या नाहीत. तुमच्या स्पर्धेत एवढे कडक व्हायचे नाही. पण कोण वापरणार, किती वेळ, किती रुपयांत, आणि गावात दुरुस्त होईल का, हे चार प्रश्न प्रत्येक गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर हवेत. वर्ध्याकडे सहल निघणार असेल तर मगन संग्रहालयात चरख्यांचे निरनिराळे प्रकार आहेत. एकाच कामाची इतकी रूपे पाहिली की मुलांना ‘सुधारणा’ म्हणजे काय हे सांगावे लागत नाही.

बक्षिसांत ढाली आणि चषक घेऊ नका. ९०० रुपयांत तीन गटांना चांगली पकड, मापाची टेप असे काही येते, आणि ते वापरले जाते.

इन्स्पायरसाठी

इन्स्पायर अवॉर्ड मानक ही केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची आणि गांधीनगरच्या राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानची योजना. सहावीपासूनच्या मुलांच्या कल्पना शाळेकडून ऑनलाइन जातात, एका शाळेला पाचपर्यंत पाठवता येतात. निवड झालेल्या मुलाला वस्तू बनवायला १०,००० रुपये थेट बँक खात्यात मिळतात, पुढे जिल्हा, राज्य, राष्ट्रीय असे प्रदर्शनाचे टप्पे. तुमची पाचवीची मुले यात बसत नाहीत, हे गट पाडतानाच ध्यानात ठेवा. नोंदणी बहुधा पावसाळ्यातच संपते, म्हणजे तुमची अंतिम फेरी व्हायच्या आधी. त्यामुळे पोळ्याला निवडलेल्या वह्यांतूनच पाच कल्पना काढाव्या लागतील. त्या वर्षाची नेमकी तारीख पोर्टलवर पाहून घ्या.

तिथे वस्तू नव्हे, कल्पना तपासतात. नावीन्य, समाजाला उपयोग, पर्यावरणाला झळ न लागणे, वापरायला सोपे असणे आणि आधीच्या उपायापेक्षा सरस असणे, अशा कसोट्या आहेत. शाळा लिहिते ‘स्मार्ट शेती यंत्र’ आणि खाली इंटरनेटवरचा परिच्छेद चिकटवते. असे उचललेले लेखन गाळले जाते. त्याऐवजी मुलाच्या वहीतल्या तीन-चार ओळी ठेवा: कोणाला काय त्रास, मोजला तर किती, माझा उपाय काय आणि तो आजच्या उपायापेक्षा कशात वेगळा. हाताने काढलेले चित्र, भागांना नावे देऊन. शीर्षकात उपायाचे नाव असू द्या, विशेषणे नकोत.

निवड होऊनही पैसे अडकतात ते खात्यामुळे. दाखल-खारीज रजिस्टर, आधार आणि पासबुक यांत नावाचे स्पेलिंग जुळत नाही, किंवा खाते वापरात नसल्याने बंद पडलेले असते. पाच मुलांची कागदपत्रे कल्पना पाठवण्याआधीच समोर ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा.

शेवटचा मुद्दा व्हिडिओचा. बहुतेक वस्तूंना पेटंटचा काही प्रश्न नसतो, पण एखादी खरेच नवी निघाली तर ती चालताना, आतली रचना दाखवत गावच्या ग्रुपवर किंवा यूट्यूबवर टाकू नका. जगजाहीर झालेल्या गोष्टीचे नावीन्य कायद्याने संपते, आणि पेटंट नावीन्यालाच मिळते. तात्पुरता अर्ज आधी भरला तर संपूर्ण अर्जासाठी बारा महिने मिळतात. तो भरायचा की नाही हे ठरेपर्यंत फोटो बाहेरूनच काढा आणि वही शाळेच्या कपाटात, तारखा आणि मुख्याध्यापकांच्या सहीसह ठेवा.